ठासणीच्या बंदुकीचा गज : 'मजबूत' म्हणजे नेमके काय?

एखादा माणूस आपले म्हणणे ठासून सांगतो. सणासुदीला एसटी प्रवाशांनी ठासून भरलेली असते. ठासणे म्हणजे दाबून, कोंबून बसवणे. ठासणीच्या बंदुकीला हे नाव मिळाले ते याच क्रियेमुळे. या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने घालण्याची सोय नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची आणि एका लांब काठीने ती तळापर्यंत ठासायची. या काठीला गज म्हणतात. संग्रहालयात जुनी बंदूक पाहताना मुलांची नजर नक्षीदार दस्त्यावर जाते, चापावर जाते. नळीखालच्या खोबणीत खोचलेली साधी काठी बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ती मोडली, तर बाकीची सारी बंदूक निरुपयोगी ठरते.

आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका काही घरांत आढळतात. अमेरिकेत मात्र जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या रायफलींनी नेमबाजी करणे हा एक मोठा छंद आहे. तेथे या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. या नेमबाजांपुढे एक प्रश्न सदैव असतो : सर्वांत मजबूत गज कोणता? हिकरीच्या लाकडाचा, पितळेचा, पोलादाचा, फायबरग्लासचा की नायलॉनचा?

आम्ही हा प्रश्न येथे घेतला तो बंदुकीच्या प्रेमापोटी नव्हे. 'मजबूत' हा रोजचा शब्द पाठ्यपुस्तकातील चार-पाच निरनिराळ्या गुणधर्मांना कसा एकत्र गुंडाळून टाकतो, हे या साध्या काठीइतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण आम्हाला दुसरे सापडले नाही.

गजाला काय सोसावे लागते?

रायफलीच्या नळीच्या आतल्या बाजूस पेचदार चर कोरलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. मात्र त्यासाठी गोळीने चरांना घट्ट धरायला हवे. समजा, नळीचा आतला व्यास ११.४ मिलिमीटर आहे. शिशाची गोल गोळी त्याहून एक-दोन दशांश मिलिमीटर लहान घेतात आणि तेल किंवा चरबी लावलेल्या सुती चिंधीत धरून नळीत दाबतात. चिंधी चरांत घुसते व फट बुजवते. अशी घट्ट गोळी एक मीटर लांबीच्या नळीत तळापर्यंत उतरवायची, हे गजाचे पहिले काम. येथे गजावर दाब येतो.

दुसरे काम साफसफाईचे. गजाच्या टोकाला ओली चिंधी लावून ती आत ढकलायची आणि बाहेर ओढायची. ओढताना गजावर ताण येतो, आणि तो गजापेक्षा टोकाच्या जोडावर अधिक जाणवतो.

तिसरी गोष्ट कामात मोजली जात नाही, पण नुकसान तीच करते. आत-बाहेर होताना गज नळीच्या तोंडाशी घासतो.

आता थोडे रसायनशास्त्र. काळ्या दारूत वजनाने सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळल्यावर जे पदार्थ तयार होतात, त्यांतला निम्म्याहून अधिक भाग घनरूप असतो. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड हे त्यांतले मुख्य. काही भाग धूर होऊन निघून जातो, उरलेला नळीत थर होऊन बसतो. प्रत्येक बारानंतर थर वाढतो, नळी अरुंद होते आणि पुढची गोळी उतरवायला अधिक जोर लागतो. गज मोडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो अशा वेळी.

हा थर हवेतले पाणी शोषून घेतो. पावसाळ्यात उघडे राहिलेले मीठ पाझरते, तसाच हा प्रकार. ओलसर क्षारांखाली लोखंड झपाट्याने गंजते. म्हणून नळी त्याच दिवशी धुवावी लागते, आणि तीही पाण्याने. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सल्फाइडमुळे. अशा प्रकारे गजाला प्रत्येक खेपेला ठासणीही करावी लागते आणि साफसफाईही.

आता प्रश्नातले गांभीर्य लक्षात येईल. जोर लावलेला असताना लाकडी गज मोडला, तर तुटलेले अणकुचीदार टोक ठासणाऱ्याच्या तळहातात किंवा मनगटात घुसते. गोळी अर्ध्यावर अडकली आणि तशीच बंदूक उडवली, तर दारू व गोळी यांच्यामधल्या पोकळीमुळे नळीला फुगवटा येऊ शकतो, ती फुटूही शकते.

ताठपणा : काठी कधी लचकते?

लांब, बारीक काठी टोकांवर दाबली, की ती चिरडण्याआधीच धनुष्यासारखी वाकते. किती भाराला ती लचकेल, याचे गणित स्विस गणितज्ञ ऑयलर याने १७४४ साली मांडले. त्याचे सार असे : हा भार पदार्थाच्या ताठपणाच्या, म्हणजे यंगच्या गुणांकाच्या, सम प्रमाणात असतो, व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असतो, आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

आकडे घालून पाहू या. हिकरीचा गज साडेनऊ मिलिमीटर जाड आहे आणि त्याचा एक मीटर भाग नळीबाहेर आहे. हिकरीचा यंगचा गुणांक सुमारे १५ गिगापास्कल धरू. गज वरच्या टोकाला धरून दाबला, तर तो सुमारे ६ किलोग्रॅम भारालाच लचकेल. इतर पदार्थांच्या तेवढ्याच लांबीच्या व जाडीच्या गजांसाठी उत्तरे अशी येतात :

नायलॉन (गुणांक २ ते ३) : सुमारे १ किलोग्रॅम
फायबरग्लास (सुमारे ४०) : सुमारे १६ किलोग्रॅम
पितळ (सुमारे १००) : सुमारे ४० किलोग्रॅम
पोलाद (सुमारे २००) : सुमारे ८० किलोग्रॅम

हे अंदाजी आकडे आहेत, कारण हाताची पकड ही काही गणितातली आदर्श बिजागरी नव्हे. तरीही तुलना खरी आहे. ती पाहून कुणीही म्हणेल, पोलादच घ्यावे. पण थांबा. लांबीच्या वर्गाकडे पुन्हा पाहा. हिकरीचाच गज वरच्या टोकाला न धरता नळीच्या तोंडापासून २५ सेंटिमीटरवर धरला, तर लचकणारी लांबी एक चतुर्थांश होते आणि भार सोळापट होतो. सहा किलोग्रॅमचे जवळजवळ शंभर किलोग्रॅम! नळीच्या आत गेलेला भाग नळीच्या भिंतींनी सावरलेला असतो. वाकण्याची भीती बाहेरच्या भागालाच. म्हणून जाणकार मंडळी गज एकाच रेट्यात खाली दाबत नाहीत. तोंडाजवळ वीतभर अंतरावर धरून थोडे दाबायचे, हात वर सरकवायचा, पुन्हा थोडे दाबायचे. पदार्थ बदलून जे साधले नसते ते हाताची जागा बदलून साधते.

जाडीचाही असाच परिणाम आहे. साडेनऊऐवजी आठ मिलिमीटरचा गज घेतला, तर जाडी थोडीच कमी झालेली दिसते, पण लचकण्याचा भार निम्मा होतो. म्हणून नळीत सहज जाईल इतका जाड गज घ्यावा, हा पहिला नियम.

चिवटपणा : लाकडाच्या रेषा

हिकरी हे उत्तर अमेरिकेतले अक्रोडाच्या कुळातले झाड. जड, चिवट आणि धक्का सोसणारे हे लाकूड तेथे कुऱ्हाडीच्या आणि हातोड्याच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला किंवा कावडीला धामणीचे लाकूड शोधतात, त्यामागचे कारण तेच. वाकवले तर वाकावे, सोडले की सरळ व्हावे.

पण नुसते 'हिकरी' म्हणून भागत नाही. लाकूड म्हणजे लांबट तंतूंची जुडी. जुडीच्या दिशेने ते बळकट, आडव्या दिशेने दुबळे. गजातले तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. ते तिरपे असतील, तर गजाच्या कडेने मध्येच बाहेर पडतात आणि तेथे लाकूड तिरप्या रेषेवर सुटते. अशा मोडीतूनच लांब, सुईसारखे टोक तयार होते.

तिरपेपणामुळे किती बळ घटते, याची मोजमापे अमेरिकेत मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेने प्रसिद्ध केली आहेत. दहा सेंटिमीटर लांबीत रेषा एक सेंटिमीटर सरकली, तर वाकण्यातले बळ सुमारे ८१ टक्के उरते. पण अचानक धक्का सोसण्याची शक्ती ६२ टक्क्यांवर येते. पाच सेंटिमीटरला एक सेंटिमीटर एवढा तिरपेपणा असेल, तर हेच आकडे ५५ आणि ३६ टक्के होतात. स्थिर भार आणि धक्का यांतला फरक येथे नीट दिसतो. ठासताना गज अडकतो, माणूस झटका देतो, आणि नेमका त्याच कामात तिरप्या रेषेचा गज कच्चा ठरतो.

म्हणून जुने कारागीर गजाचे लाकूड करवतीने न कापता ओंडका फाडून काढत. करवत आपल्या सरळ रेषेत जाते. तंतू कोठेही वळलेले असोत, तिला त्याचे काही नाही. फाडताना मात्र लाकूड तंतूंच्याच वाटेने सुटते. विकत घेताना परीक्षा सोपी आहे. गज उजेडात फिरवून पाहावा. कडेवरच्या रेषा शेवटपर्यंत लांबीला समांतर असाव्यात. मग गज दूर धरून चारही बाजूंनी हळूहळू वाकवून पाहावा. तो मोडायचाच असेल, तर हातात घेऊन पारखताना मोडलेला परवडला.

लाकडी गज रॉकेलात महिनोन्महिने भिजवला की लवचीक होतो, असा समज छंदिष्टांत आहे. लाकडाला लवचीकपणा देते ते पेशींच्या भिंतींत शिरणारे पाणी. रॉकेलाने त्या भिंती फुगत नाहीत. कच्चे जवसाचे तेल चोळल्याने ओलावा आत-बाहेर होण्याचा वेग कमी होतो, एवढा फायदा आहे. पण भिजवल्याने तिरप्या रेषा सरळ होत नाहीत.

काठिण्य : कोण कोणाला झिजवते?

आता तिसरा गुण. गोळी बाहेर पडताना तिचा नळीशी शेवटचा संबंध येतो तो तोंडाशी. तेथील कडा एका बाजूने झिजलेली असेल, तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरपा धक्का देतो. बाकी नळी कितीही उत्तम असो, नेम बिघडतो. म्हणून गजाने तोंड झिजवता कामा नये.

मऊ पदार्थ कठीण पदार्थाला ओरखडत नाही, हे मोहच्या काठिण्यश्रेणीत आपण शिकवतो. पितळ पोलादापेक्षा मऊ आहे, लाकूड आणि नायलॉन तर फारच मऊ. तेव्हा हे गज निर्धोक, असे वाटते. परंतु रस्त्यावरची धूळ विसरून चालणार नाही. धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. त्यांचे काठिण्य ७, साध्या पोलादापेक्षा जास्त. हे कण मऊ पृष्ठभागात रुतून बसतात आणि गजाचा पॉलिशपेपर होतो. मऊ गज निर्धोक असतो तो पुसलेला असेल तरच. दर खेपेला गज स्वच्छ फडक्याने पुसणे हा दुसरा नियम.

अॅल्युमिनियमचे उदाहरण तर गमतीचे आहे. धातू मऊ, पण हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. हा पदार्थ म्हणजे माणकाचा रासायनिक भाऊ, काठिण्य ९. फायबरग्लासमध्येही असेच. राळेचा थर शाबूत आहे तोवर ठीक. तो झिजला, की काचेचे धागे उघडे पडतात आणि तोंड घासू लागतात. हाताला कुसळे लागू लागली, की तो गज बाद समजावा.

पोलादी गज ताठ राहतो, पण त्याचे काठिण्य नळीच्या जवळपास किंवा जास्त असते. तो वापरायचा तर तोंडावर पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू बसवतात. शंकूच्या छिद्रातून गज बरोबर मध्यावरून जातो आणि कडेला शिवत नाही. पितळी गजाचा दोष निराळा. जास्त वाकला, की तो वाकलेलाच राहतो, आणि वाकडा गज प्रत्येक खेपेला एकाच जागी घासतो.

इतिहासाची साक्ष

युरोपातल्या सैन्यांत सतराव्या शतकात लाकडी गज होते. ते लढाईच्या घाईत मोडत, आणि गज मोडलेला शिपाई नुसता उभा राही. प्रशियाच्या सैन्यात आनहाल्ट-डेसाऊचा राजपुत्र लिओपोल्ड याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीस लोखंडी गज आणले. १७४१ साली मोलविट्झच्या लढाईत प्रशियन पायदळाने झपाट्याने बार काढले, त्याच्या कारणांत या गजाचाही उल्लेख इतिहासकार करतात. या सैनिकांच्या बंदुकींच्या नळ्या आतून गुळगुळीत होत्या आणि गोळी सैलसर असे. नेमापेक्षा वेग महत्त्वाचा होता, त्यामुळे तोंडाची थोडी झीज चालण्यासारखी होती. त्याच शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कारागिरांच्या लांब नळीच्या रायफली मात्र हिकरीच्या गजाच्याच राहिल्या. शिकाऱ्याला एकच गोळी नेमकी हवी होती आणि दिवसभर वजन खांद्यावर वाहायचे होते. एक मीटर लांब, साडेनऊ मिलिमीटर जाड हिकरीच्या गजाचे वजन सुमारे ६० ग्रॅम, पोलादी गजाचे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. दोघांनीही आपापल्या कामापुरता योग्यच गज निवडला होता.

जोड आणि खूण

लाकडी गजाच्या टोकाला पितळी टोपण बसवतात आणि त्यात चिंधी धरणारे टोक आट्यांनी फिरवून लावतात. ठासताना टोपण आपोआप दाबले जाते, म्हणून नुसत्या डिंकावरही टिकते. साफ करताना ते ओढले जाते, आणि नेमके तेव्हाच निसटून नळीच्या तळाशी राहते. टोपणातून लाकडात आरपार खीळ ठोकलेली आहे ना, हे पाहूनच गज घ्यावा. साफसफाईच्या गजाची मूठ फिरती असावी. चर पेचदार असल्याने चिंधी त्यांच्याबरोबर फिरू पाहते. मूठ फिरली नाही, तर एका दिशेच्या हालचालीत टोकाचे आटे सैल होत जातात.

चांगल्या गजावर आणखी एक गोष्ट असते : दोन खुणा. एक रिकाम्या नळीची, दुसरी ठराविक दारू व गोळी पूर्ण बसल्याची. गज खुणेच्या वर राहिला, तर गोळी अर्ध्यावर आहे किंवा आत आधीचीच भर आहे. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून २७,५७४ बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या बंदुकींत एकावर एक दोन भर होते. काहींत तर तीन ते दहा. रणधुमाळीत गज किती वर राहिला, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. ज्याला सवड आहे त्याने मात्र ते पाहिलेच पाहिजे.

मग निवड कशी करावी?

दोन कामांना दोन गज, हे सर्वांत सरळ उत्तर. नळीखाली खोचून न्यायचा गज हलका हवा. तो सलग तंतूंच्या, फाडून काढलेल्या हिकरीचा असावा आणि तोंडाजवळ धरून वापरावा. घरी किंवा नेमबाजीच्या मैदानावर वजनाची अडचण नसते. तेथे पोलादी किंवा पितळी जाड गज, फिरती मूठ आणि तोंडावरचा शंकू हे सर्वांत टिकाऊ. फायबरग्लास सहजासहजी मोडत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावर नजर ठेवावी लागते. नायलॉन कधी मोडणार नाही, पण ठासायला तो निकामी, हलक्या साफसफाईपुरताच.

वर्गात करून पाहा

ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आपल्या प्रयोगांना बंदूक लागतच नाही, काड्या पुरेत.

१. बांबूची सरळ, सारख्या जाडीची सुमारे तीन मिलिमीटरची काडी घ्या. ४० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर उभा धरून वरून बोटाने दाबा. काडी लचकते त्या क्षणीचा आकडा लिहा. मग २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. आकडा सुमारे चौपट येतो का? आला नाही, तर काडी सारख्या जाडीची होती का, टोक सरकले का, याची चर्चा करा.

२. खोक्याच्या फळीतून दोन पट्ट्या कापा, एक रेषांच्या दिशेने, दुसरी तिरपी. दोन्ही जाड फडक्यात गुंडाळून मोडा. फडके उघडून मोडलेली टोके शेजारी ठेवा आणि त्यांची चित्रे काढा.

३. लाकडी पेन्सिलीची बाजू गुळगुळीत पत्र्यावर वीस वेळा घासा. मग मध्ये चिमूटभर बारीक वाळू घालून तेवढेच घासा. पत्र्याला ओरखडा कोणी पाडला, पेन्सिलीने की वाळूने?

हे झाल्यावर मुलांना विचारा : 'सर्वांत मजबूत पदार्थ कोणता?' आमची खात्री आहे, एखादा तरी विद्यार्थी उलट विचारील, 'सर, कशासाठी मजबूत?' तेवढे त्याने विचारले, की हा धडा त्याला समजला.